विहीर, हरभरा आणि योगायोग

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन निघालं की हरभऱ्याचा प्रश्न येतो, आणि विहीर असलेलाच हरभरा घेतो, असं सर्रास म्हटलं जातं. हे तपासायचं कसं? समजा, २०० शेतकऱ्यांना विचारलं. त्यांत ८० जणांकडे विहीर, १२० कोरडवाहू. हरभरा घेणारे एकूण ९०. विहिरीचा हरभऱ्याशी काहीच संबंध नसता, तर विहीरवाल्यांतही हरभरा घेणारे त्याच प्रमाणात, म्हणजे ८० गुणिले ९० भागिले २००, बरोबर ३६ निघाले असते. प्रत्यक्षात निघाले ४८. हा बाराचा फरक नुसता योगायोग असेल का? संख्याशास्त्रज्ञ कार्ल पियर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग कसोटी तक्त्याच्या चारही रकान्यांतल्या (विहीर आहे-नाही, हरभरा आहे-नाही) फरकाचा वर्ग अपेक्षित आकड्याने भागून बेरीज करते. इथे ती सुमारे १२.१ येते. संबंध नसताना ३.८४ च्या वर बेरीज जाण्याची शक्यता पाच टक्केच, म्हणून योगायोगाचं कारण टिकत नाही.

यावर कुणी म्हणेल, टक्केवारी पुरेशी नाही का? नाही, हेच प्रमाण २० जणांत दिसलं असतं तर बेरीज १.२ वरच थांबली असती. उलट हजारोंच्या नमुन्यात क्षुल्लक फरकही कसोटी ओलांडतो, तेव्हा फरक किती मोठा हे वेगळं पाहावंच लागतं. आणि नमुनाच नसेल, तर कसोटीची गरजच नाही: २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातल्या पुरुषांची साक्षरता सुमारे ९०, स्त्रियांची ७५ टक्के. जनगणना मुळात सगळ्यांची मोजणी, तिथे नमुन्याच्या योगायोगाची शंकाच नको. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: विहिरीमुळेच हरभरा, हे कसोटी सांगत नाही. ओल धरणारी भारी काळी जमीन असेल तिथे विहीरही असेल, हरभराही. मग भारी आणि हलक्या जमिनीचे तक्ते वेगळे मांडायचे. रकान्यात अपेक्षित आकडा पाचाच्या खाली गेला, तर मात्र संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची अचूक कसोटी बरी.