बुलेट की जावा?

जुनी मोटरसायकल घ्यावयाची तर बुलेट की जावा, असा प्रश्न आपल्या मंडळातील तरुण व्यवसायबंधू अलीकडे वारंवार विचारतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. साठीच्या दशकातील जावा आणि बिडाच्या इंजिनाची ३५० बुलेट. गुडघ्यांची अवस्था पाहता दोहोंपैकी एकच ठेवणे आता भाग आहे. त्यामुळे हा विचार माझ्यापुरता तरी केवळ हौसेचा राहिलेला नाही.

यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांतून ‘जावा’ हे नाव १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात तयार झाले. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती बनू लागली, १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने विकली गेली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ नंतर ही नावे पुन्हा बाजारात आली. परंतु त्या गाड्या निराळ्या. बुलेटचे मूळ इंग्लंडमधील रेडिचचे. १९५५ साली तिच्यासाठी मद्रासला कंपनी स्थापन झाली आणि लष्कराच्या आश्रयाने ती येथे रुजली. पलटणीच्या सहवासातील आपल्या बेळगावला तिचा आवाज नवा नाही.

बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. व पिस्टनची धाव ९० मि.मी. या लांब धावेमुळे आणि जड फ्लायव्हीलमुळे मंद गतीतही तिची ओढ सुटत नाही. जावाचे प्रमाण ६५ व ७५ मि.मी.; इंजिन टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन. शहरात ती अधिक चपळ व वजनाला हलकी. तथापि चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना खरा भेद कळतो. बुलेटचे इंजिन उतारावर गाडीला मागे धरते. जावा तशी धरत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. शिवाय तिला तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळते, म्हणजे दीर्घ उतारावर थ्रॉटल मिटून ठेवला की पेट्रोलाबरोबर वंगणही आटते. म्हणून मधून मधून थ्रॉटल थोडा उघडावा लागतो. घाटातून नित्य प्रवास करणाऱ्याने बुलेटच घ्यावी, हे माझे स्पष्ट मत.

आता किकविषयी, कारण अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून येथे मला थोडा अधिकार आहे. बुलेटला बळ नव्हे, क्रम लागतो. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईतो किक हलकेच दाबावी, डीकॉम्प्रेशनची कळ ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवावा, किक वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण लाथ मारावी. क्रम चुकला तर किक उलटते आणि घोट्याला व गुडघ्याला जो झटका बसतो तो क्ष-किरणांत दिसण्याइतका असू शकतो. जावाचा गिअरचा दांडा आत दाबून वर वळवला की तोच किक होतो. तो दाबण्यास जोरही कमी लागतो.

दुरुस्तीत बुलेट उघडी आहे. ती गळते, वाजते, पण दुखणे कोठे आहे ते सांगते. सुटे भागही सहज मिळतात. जावाचे दुखणे लपलेले असते. क्रँकशाफ्टचे ऑइल सील झिजले की क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते, इंजिन कमकुवत होते आणि मिस्त्री उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतो. सुदैवाने आपल्या गावात फाउंड्री व लेथकाम मुबलक असल्याने बोअर, बुश यांची अडचण पडत नाही. अडते ते मूळ दिवे, टाकीचे क्रोम आणि बिल्ले यांपाशी.

संग्राहकाने मात्र तेच आधी पाहावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तशी नोंदलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी चालत नाही. त्यामुळे रोज चालवायची की जपायची, हे खरेदीपूर्वीच ठरवणे श्रेयस्कर. सुटे भाग बदलत बदलत अर्धी नवी झालेली बुलेट चालवायला उत्तम असते. संग्रहात मला तिच्यापेक्षा रंग उडालेली पण अस्सल जावा अधिक मोलाची वाटते.

मी जावा ठेवतो आहे. बुलेट पुतण्याकडे जाईल. तो डाव्या पायाने गिअर टाकण्यास सरावलेला. या जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. ऐन प्रसंगी पाय सवयीनेच हलतो. म्हणून पहिला महिना कॅम्पातील मोकळ्या रस्त्यांवरच चालवावी, अशी अट मी त्याला घातली आहे.