साठ मतांची अट कशी गेली

21 नोव्हेंबर 2013. अमेरिकी सिनेटमध्ये अध्यक्षाच्या आसनावर ज्येष्ठ डेमोक्रॅट सदस्य पॅट्रिक लेही होते. त्यांच्याच पक्षाचे सभागृहनेते हॅरी रीड यांनी हरकतीचा मुद्दा मांडला : सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी नियुक्त्यांवरची चर्चा थांबवायला साधे बहुमत पुरे आहे. लेहींनी नियमावलीप्रमाणे मुद्दा फेटाळला. रीड यांनी सभागृहाकडे दाद मागितली. निर्णय कायम ठेवा म्हणणारे 48, फिरवा म्हणणारे 52. त्या 52 जणांत खुद्द लेहीही होते.

नियमावलीतला एकही शब्द बदलला नाही. अर्थ मात्र बदलला.

ही वेळ एकाएकी आली नव्हती. चर्चा लांबवून मतदानच होऊ न देण्याच्या डावपेचाला, म्हणजे फिलिबस्टरला, आळा घालण्याची तरतूद 1917 मध्ये आली. ती 1949 मध्ये नियुक्त्यांनाही लागू झाली आणि 1975 मध्ये मतांची अट साठावर आली. डेमोक्रॅटांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांचे न्यायाधीशपदाचे उमेदवार मिगेल एस्त्रादा यांना दोन वर्षांहून अधिक काळ ताटकळत ठेवले. 2003 मध्ये एस्त्रादांनी माघार घेतली. 2005 मध्ये रिपब्लिकन नियम मोडायला निघाले, तेव्हा दोन्ही पक्षांच्या 14 सदस्यांनी मध्ये पडून तडजोड केली. ओबामांच्या काळात पारडे फिरले. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाच्या तीन रिक्त जागांवरील उमेदवार रिपब्लिकनांनी अडवून धरले आणि रीड यांचा संयम संपला.

पण त्यांच्याच पक्षाचे तिघे विरोधात गेले. त्यांतले कार्ल लेव्हिन यांना अडवणूक मान्य नव्हतीच. त्यांचा आक्षेप मार्गाला होता : बहुमताला मनात येईल तेव्हा नियम फिरवता येत असतील, तर नियम उरलेच कुठे?

पुढची बारा वर्षे याच प्रश्नाभोवती फिरली. एप्रिल 2017 मध्ये रिपब्लिकनांचे सभागृहनेते मिच मॅकॉनेल यांनी नील गॉर्सच यांच्यासाठी तीच वाट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. 2019 मध्ये जिल्हा न्यायाधीश आणि मंत्र्यांच्या दर्जाखालील बहुतेक पदांसाठी, चर्चा थांबवण्याच्या ठरावानंतरची 30 तासांची मुभा दोन तासांवर आली. सप्टेंबर 2025 मध्ये 48 उमेदवारांना एकाच मतदानात एकगठ्ठा मंजुरी मिळाली.

अडवणूक खरी होती, तिने माणसे आणि खाती वेठीला धरली, हे मी नाकारत नाही. पण सगळ्यांत मोठी अडवणूक अल्पमताने केलीच नव्हती. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेले मेरिक गारलँड यांचे नाव 293 दिवस पडून राहिले. बहुमतातल्या पक्षाने त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. बहुमताच्या अशा अडवणुकीला यातल्या कुठल्याच बदलाने हात लावलेला नाही.

साठ मतांच्या अटीमुळे राष्ट्राध्यक्षाला नाव निवडतानाच समोरच्या बाकांवरच्या काही जणांचा विचार करावा लागे. आता आपल्या बाकांवरची डोकी मोजली की भागते. 1993 मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग 96 विरुद्ध 3 मतांनी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 2018 मध्ये ब्रेट कॅव्हनॉ 50 विरुद्ध 48 मतांनी. बहुमत दोन-चार वर्षांत इकडचे तिकडे होते. न्यायाधीशाची ती खुर्ची मात्र तहहयात असते, आणि तिच्यासमोर न्याय मागायला दोन्ही बाजूंची माणसे येतात.