पडद्यावरचा प्रयोग आणि त्याआधीची दोन मिनिटे

एका सेलला दोन सारखेच दिवे एकसर जोडणीत लावले तर पहिला दिवा जास्त उजळेल आणि दुसरा मंद, असे उत्तर ओहमचा नियम पाठ असलेले आणि त्यावरची गणिते बिनचूक सोडवणारे विद्यार्थीही देतात. पहिल्या दिव्याने वीज ‘वापरली’, दुसऱ्याच्या वाट्याला उरलेली आली, असा त्यांचा हिशेब असतो. भौतिकशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्यांना हा समज देशोदेशी सापडला आहे आणि तो पदवीच्या वर्गापर्यंत टिकतो. सूत्रे त्याला धक्का लावत नाहीत, कारण सूत्र वापरून उत्तर काढताना हा समज कुठे आडवाच येत नाही. प्रॅक्टिकलमध्ये तो उघडा पडायला हवा. पण तिथे चारपाच जणांच्या गटात एक जण तारा जोडतो, एक जण रीडिंग घेतो, बाकीचे उतरवून घेतात. जर्नल पूर्ण होते आणि समज जिथल्या तिथे राहतो. उच्च शिक्षणात सिम्युलेशनचा विचार करायचा तर या दुखण्यापासून सुरुवात करावी, यंत्रसामग्रीच्या यादीपासून नव्हे.

२००१ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांतले कार्ल वायमन यांनी २००२मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये सेल, तारा, दिवे, स्विच माउसने ओढून हवे तसे जोडता येतात. खऱ्या टेबलावर कधीच दिसणार नाही अशी एक गोष्ट इथे दिसते, ती म्हणजे तारांमधून सरकणारे इलेक्ट्रॉन. दिव्याच्या अलीकडे त्यांचा जो वेग, तोच पलीकडे. ‘वापरली गेलेली वीज’ शोधायला गेलेल्या विद्यार्थ्याला ती सापडत नाही. नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रास्ताविक भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी खऱ्या साहित्यावर, तर काहींनी फक्त या सिम्युलेशनवर काम केले. सिम्युलेशनवाल्यांना परिपथाच्या संकल्पना जास्त चांगल्या समजल्या. एवढ्यावरच हे थांबले नाही. पुढे खऱ्या तारा आणि खरे दिवे हाती दिल्यावर परिपथ जोडून त्याचे वर्तन समजावून सांगण्यातही तेच सरस ठरले.

हा निकाल वाचून प्रयोगशाळेला कुलूप लावून संगणकांची ऑर्डर द्यावी असे कोणाला वाटले, तर त्याने २००४मधला आणखी एक अभ्यास वाचायला हवा. हार्वर्डमध्ये कॅथरीन क्राउच, एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी वर्गात करून दाखवायच्या प्रयोगांची परीक्षा घेतली. प्रयोग नुसता पाहणाऱ्यांना त्यामागचे कारण, तो अजिबात न पाहणाऱ्यांपेक्षा फारसे जास्त कळलेले नव्हते. काय घडेल याचा अंदाज आधी नोंदवायला लावला की मात्र समज वाढली, आणि त्यासाठी दोनेक मिनिटेच जास्त लागली. अंदाजानंतर आपसांत चर्चा झाली तर आणखी फायदा झाला. माझ्या मते सिम्युलेशनच्या यशाचे मर्म या दोन मिनिटांत आहे. अंदाज नोंदवला की विद्यार्थी स्वतःच्या मताला बांधला जातो. मग पडद्यावर घडणारी गोष्ट त्याच्या मताला दुजोरा देते किंवा ते मोडून काढते. सिम्युलेशनचा खरा गुण असा की, हे मोडणे तिथे स्वस्त असते. फ्यूज उडत नाही, रसायन वाया जात नाही, रुग्णाला इजा होत नाही. त्यामुळे तीच चूक लागोपाठ वेगवेगळ्या बाजूंनी करून पाहता येते. अंदाज न घेता दाखवलेले सिम्युलेशन मग कितीही सुंदर असो, तो चित्रपट होतो.

म्हणूनच देखणेपणावर होणारा खर्च मला खटकतो. गुईडो मक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एकच आभासी विज्ञान प्रयोगशाळा दोन प्रकारे दिली, साध्या संगणकाच्या पडद्यावर आणि डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमधून. हेडसेटमध्ये आपण प्रत्यक्ष तिथे असल्याचा भास जास्त झाला, शिकणे मात्र कमी झाले. भोवतालच्या दृश्याने लक्ष खाल्ले. याउलट विमानचालनाच्या प्रशिक्षणात क्रांती घडवणारा एडविन लिंक यांचा १९२९चा ट्रेनर म्हणजे हवेच्या भात्यांवर डुलणारी एक पेटी होती. लिंक यांच्या घरचा व्यवसाय ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा, भात्यांचे तंत्र तिथलेच. झाकण लावले की आतल्या शिकाऊ वैमानिकाला आकाशही दिसत नसे, दिसत ती फक्त उपकरणे. ढगांत, अंधारात उपकरणांच्या भरवशावर उडायला शिकवायचे होते आणि तेवढेच ती पेटी नेमके शिकवत असे. १९३४मध्ये टपाल वाहून नेताना खराब हवेत सैन्याचे वैमानिक दगावू लागले, तेव्हा अमेरिकी सैन्याने हे ट्रेनर विकत घेतले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर घडले.

हाताला सवय लागायची ती खऱ्या वस्तूवरच, हा आक्षेप रास्त आहे. ब्युरेटची तोटी थेंबाथेंबाने सोडणे, गरम काच ओळखणे, काटा थरथरत असताना रीडिंग ठरवणे हे पडद्यावर येत नाही. मापनातली त्रुटी समजून घ्यायला तर खरेच उपकरण हवे. मात्र ‘खऱ्या’चे प्रमाण किती, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर मोठा पुरावा परिचर्या शिक्षणातून येतो. अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा अभ्यासक्रमांत केलेला अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे निम्म्यापर्यंतचे तास काही विद्यार्थ्यांसाठी सिम्युलेशनने भरून काढले होते. शेवटपर्यंत राहिलेल्या ६६६ विद्यार्थ्यांत ज्ञान, कौशल्य आणि परवाना परीक्षेचा निकाल यांत लक्षणीय फरक आढळला नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनातही नाही. मात्र तिथले शिक्षक खास प्रशिक्षित होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर काय केले, का केले याची पद्धतशीर उलटतपासणी होत होती. ही अट गाळून तो निष्कर्ष सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्याकडे २०१९पासूनच्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात स्किल लॅब आली आहे. तिथे सरावाचे पुतळे किती आहेत याची मोजदाद सोपी, उलटतपासणीला वेळ किती मिळतो हे विचारणे जास्त गरजेचे.

दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थी सिम्युलेशनमध्ये नुसते खेळत बसतात, म्हणून पायरीपायरीने सूचना द्याव्यात. इथे पुरावा थोडा अनपेक्षित आहे. वेंडी अॅडम्स आणि फेटमधल्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी सिम्युलेशन वापरत असताना त्यांच्या मुलाखती घेतल्या. बारीकसारीक सूचना मिळालेल्यांनी सांगितले तेवढेच केले. एखादाच मोकळा प्रश्न मिळालेल्यांनी जास्त धांडोळा घेतला. खेळ थांबवण्यापेक्षा त्याला चांगला प्रश्न देणे फलदायी. पडद्यावरचे जग सोपे करून मांडलेले असते, तिथल्या तारेला रोध नसतो, घर्षण बंद करता येते, हाही आक्षेप खरा. पण सूत्रही तसेच सोपे केलेले असते. ‘हे सिम्युलेशन कुठे खोटे बोलते?’ हा पदवीच्या विद्यार्थ्याला विचारण्याजोगा उत्तम प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांनाच असे खटपट करून शिकणे नको असते, ही तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत दाखवून दिले की, स्वतः खटपट करायला लावणाऱ्या तासाला विद्यार्थी जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटते. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. अडखळणे अपयशासारखे भासते. शिक्षकाचे मोल केवळ अभिप्रायाच्या फॉर्मवर ठरत असेल, तर अडखळायला लावणारा शिक्षक त्यात मार खाणार. उपाय एवढाच की, पहिल्याच तासाला हा अभ्यास विद्यार्थ्यांसमोर ठेवावा आणि अडखळणे का पत्करायचे ते सांगावे.

महाराष्ट्रात साधनांची सबब फारशी चालणार नाही. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि पुण्याची सीओईपी सहभागी आहेत. फेटची सिम्युलेशन्स फुकट आहेत, बरीचशी मराठीत आहेत आणि साध्या मोबाइलवरही चालतात. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. जर्नलमध्ये उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष असे रकाने असतात. कृती आणि निरीक्षणे यांच्यामध्ये ‘माझा अंदाज’ हा रकाना घालायला, चुकलेल्या अंदाजाचे गुण न कापता तो का चुकला याच्या विवेचनाला गुण द्यायला एक रुपयाही लागत नाही. अभ्यास मंडळाचा ठराव पुरेसा आहे. पण तो अंदाज वाचून त्यावर पुढचा प्रश्न विचारणारा माणूस हवा. असंख्य महाविद्यालयांत ही जबाबदारी तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांवर येते. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. प्रश्न रचायला आणि अंदाज तपासायला लागणारा वेळ त्या हिशेबात धरलेला नसतो. हेडसेटसाठी निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात या वेळेच्या मानधनाची ओळ आधी यायला हवी.