शेताच्या कडेचा सरवा
शास्त्रपाठ : रूथ, अध्याय २



दिवाळीनंतर वडनेरहून हिंगणघाटकडे निघालात की काळ्या मातीत पांढरा कापूस फुटलेला दिसतो. कमरेला ओटी बांधून बाया वेचणीला लागलेल्या असतात. मजुरी किलोवर मिळते, म्हणून हात थांबत नाहीत. रूथची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. पण ती अशा धुऱ्यावर उभे राहून वाचली तर अधिक उमगते.

दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परत आली. सोबत सून रूथ होती : विधवा, परक्या देशाची, हाती काही नाही. सातूच्या कापणीचे दिवस होते. रूथ सरवा वेचायला निघाली. कापणाऱ्यांच्या मागे जी कणसे पडून राहतात, तो सरवा.

हा सरवा भीक नव्हता. शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेले पुन्हा वेचू नका, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका, असे नियमशास्त्र सांगते (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२२). तो वाटा गरीब, परदेशी, अनाथ व विधवा यांचा होता. तुम्हीही मिसरात दास होता याची आठवण ठेवा, हे कारणही तिथेच दिले आहे.

बवाज नियमाच्या पुढे गेला. त्याने रूथला ‘मुली’ म्हणून हाक मारली. तिला कोणी त्रास देऊ नये, अशी गड्यांना ताकीद दिली. जेवायला कापणाऱ्यांच्या पंगतीत बसवले. पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गाळायला सांगितले, तेही तिला न बोलता. धान्याची गोणी देऊन तिला वाटेला लावणे सोपे होते. त्याने मात्र तिच्या कष्टाचा मान राखला. संध्याकाळी रूथने सातू झोडले ते एफाभर भरले, आणि जेवणातले उरलेले तिने सासूसाठी नेले. घेणारी त्याच दिवशी देणारी झाली.

गोष्ट इथे संपत नाही. चौथ्या अध्यायात बवाज वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर बसून नामीच्या घराण्याची जमीन सोडवतो. पोटापासून सुरू झालेली मदत हक्कापर्यंत पोहोचते.

१८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. तिथून शेकडो मुली त्यांनी केडगावला नेल्या, आणि केवळ जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. मुली शिकल्या, शेती, विणकाम आणि छपाई करू लागल्या.

आज आपल्या भागातील कित्येक गोंड व कोलाम कुटुंबे दुसऱ्याच्या शेतात राबतात. आपण त्यांना ब्लँकेट देतो, वह्या देतो. ते चांगलेच आहे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आणि मोह, तेंदू यांसारख्या वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. दाव्याचे कागद जुळवून देणे, ग्रामसभेत त्यांच्या शेजारी बसणे, हेही बवाजाचे वेशीतले काम आहे.

रूथचा पणतू दावीद राजा. मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले (मत्तय १:५). सरवा वेचणारी ती परकी बाई आपल्या तारणाच्या गोष्टीत अशी येऊन बसली आहे.

मननासाठी :
१. मी देतो तेव्हा घेणाऱ्याचा मान राखतो का? त्याला नावाने ओळखतो का?
२. माझ्या शेताची, पगाराची, वेळेची कोणती ‘कड’ मी राखून ठेवली आहे?

प्रार्थना : हे प्रभू, जे आम्ही आमचे म्हणतो त्यात दुसऱ्याचा वाटा आहे, हे आम्हाला दाखव. देताना आमचा हात मोकळा आणि नजर नम्र असू दे. आमेन.