घोडीचे गर्भाशय व त्यातील रक्ताभिसरण

घोडीचे गर्भाशय एक मध्यवर्ती पिंड व दोन शृंगे यांचे बनलेले असून ते रुंद बंध नावाच्या पडदीने उदरगुहेत टांगलेले असते. प्रत्येक बाजूस त्याला तीन मार्गांनी रक्त मिळते : अंडाशयाकडे जाणाऱ्या रोहिणीची शाखा, गर्भाशयी रोहिणी व योनिमार्गाकडील रोहिणीची शाखा. यांपैकी गर्भाशयी रोहिणी सर्वांत मोठी असून ती रुंद बंधातून जाते.

घोडीचा गर्भावधी सुमारे ३४० दिवसांचा असतो. वार गर्भाशयाच्या जवळजवळ सर्व आतील पृष्ठभागाला चिकटलेली असल्याने या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ व त्यातील रक्तप्रवाह यांवर शिंगराची वाढ अवलंबून असते. वॉल्टन व हॅमंड यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शायर या थोराड व शेटलंड या ठेंगू जातींचा उलटसुलट संकर केला. शायर घोडीला झालेली शिंगरे शेटलंड घोडीच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट वजनाची भरली. जुळी असल्यास एकाच पृष्ठभागाची वाटणी होते व बहुधा गर्भपात होतो.

प्रत्येक गर्भारपणात रोहिण्या रुंदावतात व विल्यानंतर आकसतात. परंतु त्या पूर्ववत होत नाहीत. त्यांच्या भित्तींतील लवचिक तंतू विस्कळित होतात व तेथे तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) साचते. वारंवार व्यालेल्या, वयस्क घोडीत हे बदल विशेष आढळतात. अंतःस्तरातील ग्रंथींभोवतीही तंतुमयता वाढते. केनी यांनी १९७८ मध्ये अंतःस्तराच्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरून घोड्यांच्या माद्यांचे वर्ग पाडले. १९८६ मध्ये त्यांत सुधारणा होऊन चार वर्ग झाले. पहिल्या वर्गातील घोडीकडून शिंगरू मिळण्याची शक्यता ८० ते ९० टक्के, तर शेवटच्या वर्गात ती १० टक्क्यांहून कमी मानतात. रक्तप्रवाह वाढवितात म्हणून दिली जाणारी औषधे व वनस्पतिजन्य पूरके ही तंतुमयता नाहीशी करतात असे सिद्ध झालेले नाही.

संयोगानंतर रेतामुळे गर्भाशयात शोथ (दाहयुक्त सूज) येणे स्वाभाविक आहे. निरोगी घोडी एक-दोन दिवसांत आतील द्रव बाहेर टाकते. वयस्क घोडीचे गर्भाशय पुढे खाली लोंबते, त्याचे आकुंचन मंदावते व लसीकेचा निचरा अपुरा होतो. त्यामुळे द्रव साचून शोथ टिकतो व गर्भ रुजत नाही. अशा वेळी लवणद्रावाने गर्भाशय धुणे व आकुंचनासाठी ऑक्सिटोसीन देणे हितकर ठरते. जंतूंची तपासणी न करता प्रतिजैविके सोडीत राहण्याची पद्धत मात्र समर्थनीय नाही.

विण्याच्या सुमारास जीर्ण गर्भाशयी रोहिणी फुटणे हा सर्वांत गंभीर धोका होय. घोडीला घाम सुटतो, पोटात कळा येतात, नाडी जलद चालते व हिरड्या फिकट पडतात. या कळा विण्यानंतरच्या साध्या वेदना समजल्या जाण्याचा संभव असतो. रक्त उदरगुहेत वाहिल्यास घोडी थोड्याच वेळात दगावते. रुंद बंधातच कोंडले गेल्यास त्याच्या दाबाने स्राव थांबू शकतो. घोडीला चालविल्याने वा घाबरविल्याने रक्तदाब वाढून ही गाठ फुटते. म्हणून तिला अंधाऱ्या, शांत तबेल्यात ठेवतात, शिंगरू शक्यतो नजरेआड करीत नाहीत व पशुवैद्यास तेथेच बोलावतात. वाचलेल्या काही घोड्या पुढे पुन्हा गाभण राहतात. त्यांना पुन्हा फळविताना हा धोका लक्षात घ्यावा लागतो.