अल्टरनेटरची केबल कोणत्या बॅटरीला? शिडाच्या होडीवरचे काही पक्के गैरसमज

शिडाच्या होडीला इंजिन लागतं ते बंदरात शिरताना आणि वारा पडल्यावर. वीज मात्र चोवीस तास लागते. फ्रिज, जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ, रात्रीचे दिवे आणि सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट, सगळे बॅटरीवरच चालतात. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती सफर फार मोठी झाली. पण मुंबईहून गोव्याला पाच नॉटच्या वेगाने जाणारी साधी होडीसुद्धा जवळजवळ दोन दिवस पाण्यात असते आणि बॅटरी उतरली की तिचीही तेवढीच पंचाईत होते. म्हणून होडीवर दोन बॅटऱ्या ठेवतात: एक फक्त इंजिनाचा सेल्फ मारायला, दुसरी, म्हणजे हाउस बॅटरी, बाकीच्या सगळ्या खर्चाला.

इंजिन सुरू होणं सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा अल्टरनेटरने आधी सेल्फची बॅटरी भरावी, असं बहुतेक जण धरून चालतात. आकडे वेगळं सांगतात. छोट्या डिझेल इंजिनाचा सेल्फ २०० अँपिअर खेचतो, पण फार तर तीन सेकंद. म्हणजे खर्च ६०० अँपिअर-सेकंद, एका अँपिअर-अवरचा सहावा भाग. चाळीस अँपिअर देणारा अल्टरनेटर हिशेबाने तेवढं पंधरा सेकंदांत परत करतो. गळती धरली तरी काही मिनिटांत काम संपतं. हाउस बॅटरीतून मात्र दिवसभरात ८०-१०० अँपिअर-अवर सहज जातात. जिथे खड्डा मोठा, तिथे भर आधी टाकायची. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या होडीत अल्टरनेटरची जाड केबल फ्यूजमधून थेट हाउस बॅटरीला जावी, मध्ये दुसरं काही नको.

या ‘मध्ये’ जे असतं, त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. असंख्य जुन्या होड्यांमध्ये अल्टरनेटरची केबल इंजिनाकडून मेन स्विचला येते. गोल खटका, त्यावर चार खुणा: बंद, एक, दोन्ही, दोन. चार्जिंग करायचं तर खटका ‘दोन्ही’वर ठेवायचा, एवढीच शिकवण दिलेली असते. एकवरून दोनवर जाताना खटका ‘दोन्ही’कडून फिरवला तर ठीक. उलट्या बाजूने, ‘बंद’वरून फिरवला आणि इंजिन चालू असलं, तर अल्टरनेटरला वीज टाकायला जागाच उरत नाही. त्याच्या गुंडाळीतलं चुंबकीय क्षेत्र लगेच मरत नाही, रेग्युलेटरला सावरायला वेळ मिळत नाही आणि बारा व्होल्टच्या यंत्रणेत व्होल्टेज क्षणभर शंभराच्या आसपास उडू शकतो. अल्टरनेटरचे डायोड जळतात, कधी त्याच केबलवरचा रेडिओही जातो. काही स्विचमध्ये आधी हे चुंबकीय क्षेत्र (फील्ड) तोडणारे जादा टर्मिनल असतात, पण ते जोडलेले क्वचितच दिसतात. दुसरा त्रास संथ असतो. नांगर टाकल्यावर खटका ‘दोन्ही’वरच विसरला की रात्रीतून फ्रिज दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करतो. केबल थेट हाउस बॅटरीला असली की स्विच कुणी कसाही फिरवला तरी अल्टरनेटर उघडा पडत नाही.

मग सेल्फची बॅटरी कोण भरणार? दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले बसवतात. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज १३.३च्या आसपास चढला की तो दोघींना जोडतो, १२.८च्या आसपास उतरला की तोडतो. भरलेली बॅटरी रिकामीत ओतली जाईल ही भीती निराधार आहे. रिले जोडलेला असतो तेव्हा अल्टरनेटर दोघींनाही भरत असतो आणि व्होल्टेज पडला की रिले स्वतःच सुटतो. मात्र या मधल्या केबलला दोन्ही टोकांशी फ्यूज हवा, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते.

रिलेऐवजी डायोडचा आयसोलेटर लावला तरी बॅटऱ्या वेगळ्या राहतात, हे खरं. पण साधा डायोड ०.६ ते ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. अल्टरनेटरने १४.४ दिले तर बॅटरीला १३.७ मिळतात आणि लेड-ॲसिड बॅटरी त्यावर कधीच नीट भरत नाही. प्लेटांवर सल्फेट साचून ती हळूहळू मरते आणि दोष बॅटरीच्या माथी जातो. रेग्युलेटरची व्होल्टेज मोजणारी सेन्स वायर बॅटरीपर्यंत नेली तर ही तूट भरून निघते. मॉस्फेट असलेल्या नव्या आयसोलेटरमध्ये ती मुळातच नगण्य असते.

हीच तूट बारीक केबलही करते. चार मीटर जाऊन चार मीटर परत येणारी १६ स्क्वेअर एमएमची केबल ६० अँपिअरला अर्धा व्होल्ट खाते. ५० स्क्वेअर एमएमची जेमतेम ०.१७. इंजिन चालू ठेवून, चार्जिंग जोरात असताना मल्टिमीटर आधी अल्टरनेटरच्या टर्मिनलांवर लावा, मग हाउस बॅटरीच्या. दोन आकड्यांत फरक मोठा दिसला तर नवी बॅटरी घेण्याआधी केबल, लग आणि गंजलेले जोड तपासा. खाऱ्या हवेत कथील चढवलेली तांब्याची केबलच टिकते.

अल्टरनेटरवर ५५ अँपिअर लिहिलं म्हणजे तासाभरात ५५ अँपिअर-अवर भरतील, असंही नाही. तो आकडा चढ्या फेऱ्यांवरचा असतो, तापलेला अल्टरनेटर त्याहून कमी देतो. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांनंतर स्वतःच कमी करंट घेऊ लागते. शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात, अल्टरनेटर कितीही मोठा असो. तेवढ्यासाठी डिझेल जाळण्यापेक्षा ते काम सौर पॅनेलवर सोपवलेलं बरं.

लिथियम बॅटरी जुन्या जागी तशीच बसवता येते, हा सध्याचा सगळ्यात महागडा गैरसमज. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मिळेल तेवढा करंट जवळजवळ भरेपर्यंत ओढत राहते. कमी फेऱ्यांवर अल्टरनेटरचा पंखाही मंद असतो, त्यामुळे तो तापून जळू शकतो. त्यात बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटने, तिला तोडून घेतलं, तर परिणाम तोच जो चालू इंजिनात स्विच ‘बंद’वर नेल्याने होतो. म्हणून इथे वरचा नियम उलटा होतो: अल्टरनेटर सेल्फच्या लेड-ॲसिड बॅटरीला कायम जोडलेला ठेवायचा आणि तिच्याकडून डीसी-डीसी चार्जरमार्फत लिथियम भरायची. ५५ अँपिअरच्या अल्टरनेटरला ३० अँपिअरचा चार्जर पुरे.