प्राणवायू, तांबडा प्रकाश आणि सकाळची फेरी

प्राणवायू घेत व्यायाम आणि मग अंगावर तांबडा प्रकाश, अशा जोडउपचारावर खर्च करण्यापूर्वी आपण एवढे ध्यानी घ्यावे. निरोगी माणसाची ऑक्सिमीटरवरील पातळी मुळातच ९५ ते १०० असते. तीत फारशी भर पडत नाही. फुप्फुसांच्या जुनाट विकारात तर वैद्यकीय सल्ल्यावाचून घेतलेला अधिक प्राणवायू घातकही ठरतो. नळीजवळ निरांजन वा विडी असल्यास आगीचे भय असते. तांबड्या प्रकाशाने काहींची सांधेदुखी तात्पुरती शमते. पण तो औषधाची जागा घेत नाही. जामखेडला १९७० साली आरोळे दाम्पत्याने उभारलेल्या प्रकल्पात गावच्याच स्त्रिया आरोग्याच्या राखणदार झाल्या. आपल्या घरीही वडीलधाऱ्यांना रोज सकाळी सोबतीने, झेपेल तेवढे चालवावे. दम लागल्यास थांबावे. छातीत दुखल्यास तत्काळ डॉक्टर गाठावेत.